अळगरमलैचा कापडव्यापारी

प्राचीन जैन स्थानांचा विषय निघाला की श्रवणबेळगोळ, वेरूळ, आबू ही नावे आपल्या ओठांवर येतात. तामिळनाडूचे नाव सहसा निघत नाही. प्रस्तुत लेखकाची गोष्टही वेगळी नव्हती. सुंगुडी साड्यांच्या खरेदीसाठी मी वर्षानुवर्षे मदुराईस जात असे. परंतु त्या शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवरील अळगरमलै डोंगरात आपल्याच व्यवसायातील एका गृहस्थाची नोंद सुमारे दोन हजार वर्षांपासून खडकावर कोरलेली आहे, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते.

मदुराईभोवतीच्या डोंगरांत श्रमणांच्या निवासाच्या अशा अनेक गुहा आहेत. त्या वेरूळसारख्या कोरून काढलेल्या नव्हेत. निसर्गतः तयार झालेल्या कपारीत खडक तासून केलेल्या शय्या, उशाशी दगडाचाच थोडा उंचवटा आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या कड्यावर खोदलेली पन्हळ, एवढाच तेथील थाट. गावकरी त्यांना पंचपांडवांच्या शय्या म्हणतात. नाशिकच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, तसेच हे. खरे दाते कोण, ते मात्र तेथील अक्षरे सांगतात. अळगरमलैच्या लेखांत मदुराईचा मीठविक्या आहे, सोन्याचा व्यापारी आहे, नांगराचे फाळ विकणारा आहे, ‘पाणित’ म्हणजे काकवी विकणारा आहे (संस्कृतातील ‘फाणित’ तो हाच) आणि ‘अरुवै वणिकन’, म्हणजे कापडव्यापारीही आहे. ‘अरुवै’ हा शब्द कापणे या अर्थाच्या तामिळ धातूशी जोडलेला आहे. थानातून कापून द्यावयाचे ते अरुवै! ज्याचा जन्म गज आणि कात्रीबरोबर गेला, त्याला हा शब्द कोणी समजावून सांगावा लागत नाही.

ही अक्षरे उलगडण्यास विद्वानांना बराच काळ लागला. जवळच्याच मांगुळम येथील लेख रॉबर्ट सेवेल यांनी १८८२ मध्ये उजेडात आणले. लिपी ब्राह्मी, तेव्हा भाषा अशोकाच्या लेखांप्रमाणे प्राकृत असावी असा समज होता. पण त्या वाटेने अर्थ नीट लागेना. ही भाषा तामिळ आहे, हे के. व्ही. सुब्रह्मण्य अय्यर यांनी १९२४ मध्ये दाखविले. तामिळमध्ये ख, घ, भ यांसारखे वर्ण नाहीत, म्हणून या लेखांत ते क्वचितच येतात. उलट ‘ळ’सारख्या उच्चारांसाठी नवी चिन्हे घडविलेली दिसतात.

या कामाला पूर्णत्व दिले ते इरावतम् महादेवन यांनी. हे गृहस्थ प्राध्यापक नव्हते, भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी होते. केवळ कागदावर घेतलेल्या जुन्या ठशांवर विसंबून न राहता ते स्वतः डोंगर चढून गेले, कारण ठशात दगडाची नैसर्गिक भेगही अक्षराची रेघ वाटू शकते. १९६६ मध्ये त्यांनी या लेखांचा संग्रह सादर केला आणि २००३ मध्ये त्यांचा ‘अर्ली तामिळ एपिग्राफी’ हा बृहद्ग्रंथ निघाला. २०१८ मध्ये ते निवर्तले. माझ्यासारख्या बी. कॉम. दुकानदाराला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो, तो यामुळेच. मांगुळमचे लेख त्यांनी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ठरविले. त्यांत कणि नंद या श्रमणासाठी नेडुंजेळियन या पांड्य राजाच्या अधिकाऱ्याने केलेले दान आहे आणि वेळ्ळरै येथील व्यापाऱ्यांच्या निगमाचेही आहे. राजाची माणसे आणि बाजारातील माणसे एकाच खडकावर!

दगडावरचा लेख कायमचा, ही आपली भाबडी समजूत आहे. मदुराई जिल्ह्यात ग्रॅनाइटसाठी डोंगरच्या डोंगर कापले गेले. जिथे असाच प्राचीन लेख आणि जिनप्रतिमा आहे, त्या अरिट्टापट्टीचा परिसर २०२२ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. तरीही तो ज्या क्षेत्रात येतो त्याचा २०२४ मध्ये टंगस्टनच्या खाणीसाठी लिलाव झाला. ग्रामस्थ रस्त्यावर उतरले, विधानसभेने ठराव केला आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो लिलाव रद्द केला. डोंगरासाठी उभे राहिलेले ते शेतकरी बहुसंख्येने जैन नव्हते, हे आपण ध्यानात ठेवावे.

आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी एका जुन्या मंदिराच्या जीर्णोद्धार समितीत मी होतो. भिंतीतील एक झिजलेली लेखशिला नव्या संगमरवराखाली झाकली गेली. कोणीही तिचा ठसा घेतला नाही, फोटोही काढला नाही. ठरावावर माझीही सही आहे. नव्या फरशीवर दात्यांची नावे सोनेरी अक्षरांत आहेत. त्यांत माझेही आहे.

त्याच मंदिरातील पंचतीर्थी धातुप्रतिमेच्या पाठीवर एक लेख आहे. मागील पर्युषणानंतर पुजाऱ्यांच्या अनुमतीने तो उतरवून घेण्यास बसलो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रक्षालाने आणि वाळाकुंचीने अक्षरे गुळगुळीत झाली आहेत. ‘संवत’ एवढे लागले. पुढचा आकडा गेला आहे.