काकांची बेस गिटार आणि स्पंजाचा तुकडा

काकांची दादरची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा काकूला सामान हलवायला मदत करायला गेलो होतो. माळ्यावर, पितळी बंबाच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेली काकांची बेस गिटार सापडली. सत्तरच्या दशकात काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस घरी दिसायचेच नाहीत. पुढे कीबोर्डवालाच डाव्या हाताने खर्जही वाजवायला लागला आणि काकांचं काम संपलं. गिटार माळ्यावर गेली ती गेलीच. काकांना जाऊन आता चार वर्षं झाली. काकू म्हणाली, "तूच ने. पण भंगारात घालू नकोस हो."

घरी आणून बघतो तर मान धनुष्यासारखी वाकलेली. चारही तारा इतकी वर्षं ताणलेल्याच होत्या, आणि चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलो तरी असतो! मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. तिचा नट रोज पाव फेरा फिरवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लाकडाला वेळ द्यायचा. तसं आठवडाभर केलं. तुटलेली वायर सोल्डर केली, खरखरणारी बटणं साफ केली. ब्रिजजवळ तारांखाली काळपट स्पंजाचा एक तुकडा कोंबलेला होता, तो कचरा समजून फेकून दिला.

डोक्यात पुढचे बेत होतेच. वरचा निळा ऑइलपेंट खरवडायचा, नवे पिकअप बसवायचे, जमलं तर पडदेही उपटायचे. म्हटलं, आधी जरा वाचून तर घेऊ.

आणि इथे इतिहास आडवा आला.

कॅलिफोर्नियातले लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे; त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' आणला. तोवर खर्जाला माणसाएवढा उंच डबल बेस लागे. त्याला पडदे नसल्यामुळे सूर कानाने शोधावा लागे. फेंडरनी पडदे बसवले, बोट ठेवलं की सूर नेमका, म्हणून नाव 'प्रिसिजन'. १९५७ मध्ये त्यांनी त्याच्या पिकअपचे दोन तुकडे केले. दोघांचे चुंबक आणि वेढे एकमेकांच्या उलट, त्यामुळे विजेची घरघर आपोआप कटते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. किती साधी युक्ती!

पण मी अडखळलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. लोखंडी तार फार वेळ घुमत राहते. डबल बेसचा सूर मात्र लवकर विरतो. तसा आवाज यावा म्हणून फेंडर ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज लावत असत. म्हणजे मी फेकलेला तो 'कचरा' काकांच्या आवाजाचा भाग होता.

गंमत बघा. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत वाजवणारे जेम्स जेमर्सन १९६२ चा प्रिसिजन वापरत. जाड, गुळगुळीत तारा, त्या शक्यतो बदलायच्या नाहीत, आणि झाकणाखाली तोच स्पंज. याउलट जॅको पास्टोरियस. त्याचाही बेस १९६२ चाच, फक्त 'जॅझ बेस'. पडदे त्याने स्वतः काढले की काढलेलेच मिळाले, हे तो दोन्ही प्रकारे सांगायचा! खाचा लाकडाच्या लांबीने भरल्या आणि वर होडीला लावतात तसल्या इपॉक्सीचे थर दिले, म्हणजे खरबरीत तारांनी लाकूड झिजायला नको. मग त्यातून सतारीसारखी मींड निघाली.

एकाने काही बदललं नाही, दुसऱ्याने सगळं बदललं. दोघांचेही बेस चोरीला गेले. जेमर्सन १९८३ मध्ये वारले. त्यांचा बेस त्याच्या थोडे दिवस आधी गेला, तो आजतागायत सापडलेला नाही. जॅकोचा १९८६ मध्ये न्यूयॉर्कमधून गेला आणि पुढच्याच वर्षी जॅकोही गेला. तो बेस मात्र वीसेक वर्षांनी तिथेच सापडला. २०१० मध्ये त्याच्या मालकीचा वाद मिटवायला मेटालिकाच्या रॉबर्ट ट्रुहियोने पैसे घातले.

मग प्रश्न पडतो, वाद्य 'मूळ रूपात' आणायचं म्हणजे कुठल्या दिवसाच्या रूपात? कारखान्यातून निघालं त्या दिवसाच्या, की शेवटचं मनापासून वाजलं त्या दिवसाच्या? जॅकोच्या बेसला कोणी पुन्हा पडदे बसवले, तर त्याला दुरुस्ती म्हणायचं का?

काकूला फोन केला. निळ्या रंगाचं विचारलं, तर हसली. "अरे, ऑर्केस्ट्राचे कोट निळे होते ना! ह्यांनी गॅलरीत बसून रंगवली. आठवडाभर घरात वास." मग स्पंजाचं विचारलं. क्षणभर गप्प झाली. "तो मीच कापून दिला होता. मंदाच्या पाळण्यातल्या गादीचा." मी तो फेकला हे मला सांगावं लागलं. "असू दे," एवढंच म्हणाली.

निळा रंग ठेवला. पडदेही ठेवले. गेल्या रविवारी गिटार घेऊन काकूकडे गेलो, अॅम्प्लिफायर लावून थोडी वाजवली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "छान आहे. पण ह्यांचा आवाज दबका असायचा." उठली, आतून भांडी घासायचा नवा स्पंज आणि कात्री घेऊन आली.

आवाज अजून तसा आलेला नाही. जाडी थोडी कमी करून बघायला हवी, असं काकूचं म्हणणं आहे.