पहिला श्वास आणि मुहूर्त

सोलापुरात १९६३ साली डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी, शस्त्रक्रियेने जन्मला आणि दोन दिवस पुरते होण्यापूर्वीच दगावला. एवढ्या बलाढ्य राष्ट्राच्या अधिपतीलाही आपल्या बाळाचा श्वास राखता आला नाही! फुप्फुसे मिटू न देणारा स्निग्ध लेप त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात पुरेसा तयार झाला नव्हता. हे कारण मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ सालीच दाखवून दिले होते. उपाय तेवढा हाती आला नव्हता.

परंतु दिवस भरलेल्या बाळालाही धाप का लागावी? याचे उत्तर एव्हरीबाई व त्यांचे सहकारी यांनी १९६६ साली सुचविले. गर्भात बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या रक्तात ॲड्रिनलीन वाढते आणि तीच फुप्फुसे तो द्रव शोषू लागतात. कळांपूर्वीच शस्त्रक्रिया केली तर हा निरोप पुरता पोहोचत नाही. मग मिनिटाला साठांहून अधिक श्वास, कण्हणे, नाकपुड्या फुलणे! बहुतेक बाळे दोनतीन दिवसांत सावरतात. काहींना मात्र कृत्रिम श्वासाचा आधार द्यावा लागतो.

अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या मातांची ठरवून केलेली प्रसूती पाहिली गेली. ३७ व्या आठवड्यात १५.३ टक्के बाळांना श्वासाचा अगर दुसरा गंभीर त्रास झाला. ३९ व्या आठवड्यात हेच प्रमाण ८ टक्के होते. केवळ दोन आठवड्यांचा हा फरक!

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार चारांतील एक प्रसूती शस्त्रक्रियेने होते. त्यातच आपल्याकडे पंचांग पाहून तारीख ठरविण्याची हौस आली आहे. माता वा बाळ संकटात असेल तर क्षणाचाही विलंब नको, हे उघड आहे. आम्ही शस्त्रक्रियेचे शत्रू नव्हे. तिने असंख्य मातांचे प्राण वाचविले आहेत. पण तसे कारण नसता घाई कशाला? मुहूर्त पाहायचाच असेल तर ३९ आठवडे भरल्यानंतरचा पाहावा. नऊ महिने वाट पाहिलेल्या घराला आणखी आठ दिवस जड का जावेत?