बेने इस्रायलांचा दानधर्म आणि आपला विद्यार्थी निधी



दसऱ्यानंतर आपल्या मंडळाची वार्षिक सभा आहे. विद्यार्थी निधीचा विषय तिथे निघणार आणि वाद होणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सभेत मला नीट बोलता येत नाही, म्हणून आधीच सविस्तर लिहितो. सुरुवात जरा लांबून आहे, धीर धरा.

१९७८ साली माझी बदली बडोद्याहून मुंबईला, भायखळ्याच्या बाजूच्या एका शाखेत झाली. बी.कॉम. होऊन बँकेत लागल्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. शाखेचे हेड कॅशियर साठीकडे झुकलेले, अंगात पांढरा बुशशर्ट, हिशेबाला कडक. आडनाव कोकणातल्या गावावरून, शेवटी ‘कर’. मी त्यांना खुशाल अलिबागकडचे कायस्थ समजत होतो. एका शनिवारी रजेचा अर्ज पाहिला तेव्हा कळलं की ते ज्यू आहेत, बेने इस्रायल. मला म्हणाले, “अहो बडोदेकर, तुम्ही गुजरातेत राहून मराठी, आम्ही कोकणात राहून यहुदी. दोघंही आपापल्या जागी पाहुणे आणि दोघंही घरचेच.”

बेने इस्रायलांची गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वज जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घरात बोली मराठी, बायका नऊवारीत. सणांची नावंही आपल्या कानाला ओळखीची: नवीन वर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस म्हणजे ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं खायचं. नवस फेडायला किंवा शुभकार्याला पोहे, खोबरं, साखर आणि फळं यांचा मलिदा करतात आणि एलियाहू हन्नाबीची आठवण काढतात.

मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ सालचं. ते बांधलं सॅम्युएल इझीकेल दिवेकर यांनी. समाजात त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. कंपनी सरकारच्या फौजेत असताना ते टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटल्यावर त्यांनी हे मंदिर उभारलं, असं सांगतात. नाव ‘शाआर हराहमीम’, म्हणजे दयेचं दार. लोक मात्र त्याला मशीदच म्हणत. म्हणजे मुंबईत या समाजाची पहिली पक्की संस्था एका माणसाच्या देणगीतून उभी राहिली.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या शाखेत त्या समाजाच्या एका लहानशा मदतनिधीचं खातं होतं आणि आमचे कॅशियरसाहेब त्याचे खजिनदार. बँक सुटल्यावर ते पाऊण तास थांबून निधीची वही लिहीत. मी होतो सडाफटिंग, खोलीवर जायची घाई नसायची, म्हणून बेरजा तपासायला बसायचो. जमेची बाजू लहान लहान रकमांची. कुणी वडिलांच्या पुण्यतिथीला अकरा रुपये दिलेले, कुणी मुलाच्या नोकरीनिमित्त एक्कावन्न. सणाच्या दिवशी तोऱ्याची पोथी बाहेर काढण्याचा मान बोलीने देतात, त्यातलाही काही भाग येई. आपल्याकडे उत्सवात नैवेद्याच्या मानाची बोली लागते, तसंच. खर्चाच्या बाजूला शाळेची फी, औषधं, कुणाच्या दफनाचा खर्च, वल्हांडणाच्या सणाला बिनखमिराच्या भाकरीसाठी विधवांना मदत.

एक गोष्ट मला खटकली. खर्चाच्या बाजूला नावं नव्हती, नुसते आकडे: क्र. ७, क्र. १२. मी म्हटलं, “साहेब, ऑडिटर हे कसं चालवून घेतो?” ते म्हणाले, नावांची यादी वेगळी आहे, कुलूपबंद आहे आणि ऑडिटर पाहतो. पण ही वही सभेत सगळ्यांसमोर फिरते. त्यात नाव आलं तर उद्या त्या बाईला मशिदीत मान खाली घालून बसावं लागेल. फीसुद्धा पालकाच्या हातात द्यायची नाही, चेक थेट शाळेच्या नावे. पोराला कळतही नाही.

मग त्यांनी मला मायमोनिडीस सांगितला. हा बाराव्या शतकातला ज्यू धर्मशास्त्री, पेशाने वैद्य. त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यांत खालची म्हणजे कुरकुरत दिलेलं दान. मग हसतमुखाने पण कमी दिलेलं, मागितल्यावर दिलेलं, न मागता दिलेलं, असं वर वर चढत जायचं. वरून दुसरी पायरी अशी की देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. आणि सगळ्यांत वरची? ती ऐकून बँकेतला माणूस म्हणून मी खूश झालो. गरजू माणसाला कर्ज द्यावं, धंद्यात भागीदार करून घ्यावं किंवा काम मिळवून द्यावं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. त्यांच्या धर्मात दानाला जो हिब्रू शब्द आहे, ‘त्सदाका’, त्याचं मूळ ‘न्याय’ या अर्थाचं आहे. दया आली म्हणून द्यायचं नाही. देणं लागतो, म्हणून द्यायचं.

पुढे निवृत्तीनंतर मी या समाजाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. हाइम सॅम्युएल केहिमकर हे नाव सारखं भेटत राहिलं. त्यांनी १८७५ साली मुंबईत ‘इस्रायली शाळा’ सुरू केली. तोवर समाजातली बरीच मुलं मिशनऱ्यांच्या शाळांत शिकत. ते शिक्षण चांगलंच होतं. हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीत लिहिणारे जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरीच होते. पण आपली मुलं आपल्या धर्मात राहून शिकावीत, असं केहिमकरांना वाटे. समाज कारकून, ओव्हरसियर आणि पलटणीतल्या पेन्शनरांचा. पैसा आणायचा कुठून? शाळेला लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनचं अनुदान मिळे. पुढे १९३०च्या दशकात सर एली कदूरी यांची मोठी देणगी आली आणि शाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. केहिमकरांनी समाजाचा इतिहासही लिहिला, पण तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. तेव्हा ते हयात नव्हते.

कदूरी हे बगदादी ज्यू. आणि इथेच या कथेतला काटा आहे. डेव्हिड ससून १८३०च्या दशकात बगदादहून मुंबईत आले आणि अफू, कापूस यांच्या व्यापारात अफाट श्रीमंत झाले. त्यांच्या पेढीत व्यवहारामागे धर्मादायाचा भाग वेगळा काढायची रीत होती. पुण्याचं ससून हॉस्पिटल आणि लाल देऊळ, दोन्ही १८६७ची, याच घराण्याच्या दानातून उभी राहिली. डेव्हिड ससून यांची समाधी त्या लाल देवळाच्याच आवारात आहे. दान मोठंच, यात शंका नाही. पण बगदादी मंडळी बेने इस्रायलांना पुरते ज्यू मानायला तयार नसत. कातडीचा रंग, चालीरीती, पूर्वी झालेली लग्नं, सगळ्यावरून शंका. ट्रस्टच्या दस्तात ‘ज्यूंसाठी’ असं लिहिलेलं असलं, तरी त्यात बेने इस्रायल येतात का, हा प्रश्न निघे. रंगूनमध्ये तर सिनेगॉगच्या ट्रस्टी निवडणुकीत बेने इस्रायलांना मत द्यायचं की नाही, हे भांडण १९३०च्या दशकात हायकोर्टात गेलं. निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला.

दस्तातला एक शब्द, आणि तो वाचणारा कोण, एवढ्यावर कुणाचं तरी शिक्षण अडतं. हे मी बँकेत चाळीस वर्षं पाहिलं. तरी स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरलो. ते खाली सांगतो.

१९४८नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. १९५१च्या जनगणनेत देशात सव्वीस हजारांच्या आसपास ज्यू होते, २०११च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या जवळपास. आमचे कॅशियरसाहेबही निवृत्तीनंतर मुलाकडे गेले. तिकडे ही मंडळी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतात, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

माणसं गेली, पण ट्रस्ट राहिले. भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात सर जेकब ससून यांच्या नावाची शाळा आहे. ती मुळात ज्यू मुलांसाठी काढलेली. आज तिथे शिकणारी बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. शाळा बंद करून पैसा व्याजावर ठेवता आला असता. ज्यांची मुलं शेजारी राहतात त्यांच्यासाठी ती उघडी राहिली. दस्त लिहिणाऱ्याला हे सुचलंही नसेल, पण त्याची इच्छा मोडली असं मला वाटत नाही.

आता आपलं घरचं. आपला विद्यार्थी निधी दांडिया बाजार-रावपुरा भागातल्या मंडळींनी पै-पै जमवून उभा केला. घटनेत शब्द आहेत ‘मराठी भाषिक कुटुंबातील गरजू विद्यार्थी’. तेव्हा ते योग्यच होतं, अर्जांची रीघ लागायची. आता आपली मुलं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत. मागच्या वर्षी अर्ज आले दोन, त्यातला एक गरजूचा नव्हता. व्याज साठतंय. निधीच्या उत्पन्नातले पंच्याऐंशी टक्के त्या त्या वर्षी खर्चावे लागतात, नाहीतर करसवलतीचा प्रश्न येतो, म्हणून आपण शेवटी शाली-श्रीफळांवर खर्च करतो. हे मी खजिनदार म्हणून कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी तिसरा एक अर्ज आला होता. मुलीचे वडील उत्तरेकडचे, पहारेकरी. आई आपल्यापैकी चार-पाच घरांत अठरा वर्षं पोळ्या करते. मुलगी त्या घरांच्या ओट्यावर वाढली, तुमच्याआमच्याइतकं मराठी बोलते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची फी हवी होती. समितीत कुणीतरी म्हणालं, “कुटुंब मराठी भाषिक नाही.” नियम माझ्या बाजूने होता, मी ‘नामंजूर’ लिहून सही केली. वर आणखी चूक अशी, की नामंजुरीची यादी नावासकट फलकावर लावली. ती आई दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोळ्या करायला आली, काही बोलली नाही. मुलीने ते वर्ष सोडलं, आता एका दुकानात बिलं करते. क्र. ७ आणि क्र. १२ लिहिणारे कॅशियरसाहेब मला त्या दिवशी आठवायला हवे होते. आठवले दोन वर्षांनी.

म्हणून सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, ‘मराठी भाषिक कुटुंबातील’ याच्यापुढे ‘प्राधान्य’ हा शब्द घालावा. आपली मुलं आधी, उरेल ते शेजारच्या कुणाही गरजू मुलाला. त्यासाठी ठराव आणि धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रं करावी लागतील. ती मी करीन, सवय आहे. दोन, नावं फलकावर लावू नयेत आणि फी थेट कॉलेजात भरावी. तीन, निधीचा काही भाग बिनव्याजी शिक्षणकर्ज म्हणून द्यावा, नोकरी लागल्यावर परत फेडायचं. तीच ती सगळ्यांत वरची पायरी.

काही ज्येष्ठांना वाटेल की अशाने मंडळाचं मराठीपण जाईल. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही, आपण संख्येने कमी होतोय हे खरंच आहे. पण शालींवर पैसे खर्चून मराठीपण टिकत नाही, हेही खरं.

ठराव होवो न होवो, त्या मुलीच्या राहिलेल्या वर्षांची फी मी माझ्या पेन्शनमधून भरायची ठरवलं आहे. तिची आई घेईल की नाही, माहीत नाही. आमची सौ. म्हणते, देतो म्हणून जाऊ नका, कर्ज म्हणून जा. बरोबर आहे तिचं.

सभेला जरूर या. विरोधात मत असेल तरी या.