कटिशूल, निदानपरिवर्जन आणि ऊसतोड : अहमदनगर जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

इतिहासाच्या साधनांत राजांच्या जखमांची नोंद सापडते. कष्टकऱ्याच्या कंबरेची सापडत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतील अहमदनगरचा खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला. पाऊसपाणी, पिके, जातिजमाती, व्यापार व दुष्काळ यांविषयीची त्यातील माहिती आजही अभ्यासकाला उपयोगी पडते. परंतु वाकून काम करणाऱ्या देहाला काय सोसावे लागते, हा त्या ग्रंथाचा विषय नव्हे. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे आहे) दीर्घकालीन कंबरदुखी आणि तिच्यावर शोधलेले उतारे यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. हा विषय वैद्यकाचा आहे तितकाच श्रमाच्या इतिहासाचा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम लोकव्यवहार पाहू. अचानक धरलेल्या कंबरेला मराठीत ‘उसण भरली’ असे म्हणतात आणि पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेल्या, माणसाने कंबरेला पाय लावला की उसण जाते, अशी समजूत महाराष्ट्रभर आढळते. याखेरीज निर्गुडीच्या अथवा एरंडाच्या पानांचा शेक, तापविलेल्या वाळूची वा मिठाची पुरचुंडी, तेलाचे मर्दन आणि शेवटचा उपाय म्हणून डाग देणे, ही या चिकित्सेची साधने होत. त्यांना केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणे इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभणारे नाही. अचानक उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, हे आता सर्वमान्य आहे. तेव्हा पायाळूची कीर्ती टिकली, याचे कारण शरीराच्या या स्वभावात आहे. जी कंबर महिनोन्‌महिने दुखत राहते, तिच्यापुढे मात्र पायाळूचा पाय आणि शेकाची पुरचुंडी दोन्ही अपुरी पडतात.

शास्त्रीय परंपरेचे एक महत्त्वाचे केंद्र याच जिल्ह्यात उभे राहिले. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांच्या प्रयत्नांतून १९१७ साली अहमदनगर येथे आयुर्वेद महाविद्यालय स्थापन झाले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ‘औषधिगुणधर्मशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ मराठी वैद्यवाङ्मयात मान्यता पावलेला आहे. ज्या परंपरेचे अध्यापन तेथे सुरू झाले तीत कटिशूल व गृध्रसी यांची गणना वातव्याधींत होते. कुल्ला व कंबर यांपासून निघून मांडी, गुडघा, पोटरी या क्रमाने पावलापर्यंत उतरणारी गृध्रसीची वेदना प्राचीनांनी अचूक वर्णिली आहे. स्नेहन, स्वेदन, बस्ती, सिरावेध व अग्निकर्म हे तिचे उपचार. लोकव्यवहारातील तेल, शेक आणि डाग यांचे शास्त्रीय बंधू येथे सहज ओळखता येतात.

तथापि आमच्या प्रतिपादनाच्या दृष्टीने उपचारांहून कारणांची यादी अधिक मोलाची आहे. चरकाच्या चिकित्सास्थानातील वातव्याधींच्या अध्यायात वातप्रकोपाची जी कारणे दिली आहेत, त्यांत अतिश्रम, रात्रीचे जागरण, अपुरे व रूक्ष अन्न, त्रासदायक शय्या आणि मलमूत्रादी वेगांचा अवरोध यांचा समावेश होतो. सुश्रुताने तर चिकित्सेचे सार निदानपरिवर्जनात, म्हणजे कारण टाळण्यात, सांगितले आहे. म्हणजे शास्त्रानुसार पहिला उपचार औषधाचा नव्हेच. मग प्रश्न असा की, कारण टाळणे ज्याच्या हाती नाही, त्याने काय करावे?

या प्रश्नाचे ऐतिहासिक रूप दुष्काळी कामांवर प्रथम स्पष्ट होते. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत दख्खनमधील सरकारी कामांवर माती खणणे व खडी फोडणे ही मुख्य कामे होती आणि मजुरी मोजून दिलेल्या कामाशी बांधलेली होती. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील स्त्रीपुरुष पुन्हा खडी फोडावयास बसले. अशा व्यवस्थेत दुखरी कंबर म्हणजे कमी माप आणि कमी माप म्हणजे कमी भाकरी. विश्रांती हा उपचार मजुरीच्या हिशेबातून आपोआपच वगळला जात असे.

दुसरे आणि अधिक स्थायी रूप उसाचे. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर उसाचे क्षेत्र वाढले. विठ्ठलराव विखे पाटील यांचे नेतृत्व आणि धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून लोणीजवळ उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. जिल्ह्याचा उत्तर भाग बागायती झाला; पाथर्डी, शेवगाव, जामखेड यांसारखे अवर्षणग्रस्त भाग मात्र कोरडेच राहिले आणि तेथून तसेच शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीचे मजूर येऊ लागले. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’ मोजावयाचा आणि दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फडात राहावयाचे, ही पद्धत रूढ झाली.

या कामातील वाकण्याचे कारण विशेष लक्ष देण्याजोगे आहे. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखरेचे प्रमाण शेंड्यापेक्षा अधिक असते; शिवाय खोडव्याचा फुटवा नीट यावा म्हणूनही ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. कारखान्याचा साखर उतारा अशा रीतीने तोडणाऱ्याच्या वाकलेल्या कंबरेशी थेट जोडला गेला. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यावयाची आणि फळीवरून वर चढवावयाची, हे काम बहुधा स्त्रियांकडे असते. पहाटेपूर्वी उठणे, पालाच्या कोपीत जमिनीवर निजणे, उघड्या फडात आडोसा नसल्याने वेग रोखून धरणे : चरकाची यादी येथे जणू कामाचे वेळापत्रक बनते.

कारण न हटविता केवळ दुखऱ्या अवयवाकडे पाहिल्याने काय घडते, याचेही उदाहरण दूरचे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांवरील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला आणि राज्य शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. वेदनेचा उगम श्रमाच्या रचनेत असू शकतो, हा विचार चिकित्सेतून गळाला की उपचारच नवी इजा होऊन बसतो.

आधुनिक वैद्यकाचा प्रवासही येथे उद्‌बोधक ठरतो. १९३४ साली मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यविशारदांनी मणक्यांमधील चकतीचा गृध्रसीशी असलेला संबंध दाखविला आणि पुढील काही दशके शस्त्रक्रियेचा मोठा बोलबाला झाला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सात दिवसांच्या अंथरुणापेक्षा दोन दिवसांची विश्रांती पुरेशी ठरल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत रुग्णशिक्षण व व्यायाम यांना स्थान आहे. कंबरपट्टे, ताण देण्याचे उपचार व अफूवर्गीय औषधे यांचा नित्य वापर तीत नाकारलेला आहे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लक्ष लोकांना हा विकार होता, असा अंदाज आहे. परंतु ‘हालचाल चालू ठेवा’ हा सल्ला बैठे काम करणाऱ्यास जसा लागू पडतो, तसा दिवसभर वाकणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या मजुरास तो जशाच्या तसा देता येत नाही.

या ठिकाणी एक परदेशी दाखला उपयुक्त आहे. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांना आखूड दांड्याचे कुदळे वापरावे लागे व त्यासाठी दिवसभर कंबरेत वाकावे लागे. मजुरांनी दाद मागितली, वैद्यांनी साक्षी दिल्या आणि १९७५ साली त्या अवजारावर बंदी आली. दांडा लांब होणे, हाच तेथे उपचार ठरला. सुश्रुताच्या तत्त्वाचे यापेक्षा सरळ उदाहरण सापडणे कठीण. आपल्याकडे ऊसतोडणी यंत्रांनी कंबर वाचेल हे खरे. पण उचलीवर जगणाऱ्या कुटुंबाची रोजी त्याबरोबर जाणार असेल, तर वेदना केवळ स्थलांतर करील. मोळीचे वजन, गाडीची उंची, फडावरील आडोसा, सुट्टीच्या दिवसाची मजुरी या लहान दिसणाऱ्या बाबी म्हणूनच चिकित्सेच्या कक्षेत येतात.

एवंच, या जिल्ह्यात कंबरदुखीवर औषधांची वाण कधीच नव्हती. तेल होते, शेक होता, १९१७ पासून आयुर्वेद महाविद्यालय होते आणि १९८४ पासून साखर कारखान्याच्याच परिसरात, लोणी येथे, वैद्यकीय महाविद्यालयही आहे. वाण होती ती कारण टाळण्याच्या अधिकाराची. साखर उताऱ्याचे आकडे कारखान्यांच्या अहवालांत वर्षानुवर्षे छापलेले आहेत. ज्या कंबरांवर ते उभे आहेत, त्यांच्या साक्षी पाथर्डी-जामखेडच्या वृद्ध स्त्रीपुरुषांकडून आजही नोंदविता येतील. ते काम आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी विनाविलंब हाती घ्यावे. कारण ही साधने दप्तरखान्यात राहणारी नाहीत.