कृष्णेच्या जळाखालील विजयपुरी

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कऱ्हाड-सांगलीचे मळे भिजवीत पूर्वेकडे जाते आणि आंध्रदेशात नल्लमलै पर्वताच्या रांगांत शिरते. तेथे तीन बाजूंस डोंगर आणि चौथ्या बाजूस नदी असे एक खोरे होते. सातवाहनांची सत्ता मावळल्यावर, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, इक्ष्वाकू राजांनी या खोऱ्यात विजयपुरी ही आपली राजधानी वसविली. पुढे ती उजाड झाली, आणि नागार्जुनकोंडा या डोंगराच्या नावानेच ते स्थळ ओळखले जाऊ लागले.

1926 साली येथील प्राचीन अवशेष अभ्यासकांच्या दृष्टीस पडले. लाँगहर्स्ट यांनी 1927 ते 1931 या काळात स्तूप आणि विहार उकरून काढले. परंतु नगरीचा मोठा भाग मातीखालीच राहिला. तो सावकाश उलगडावा, एवढी सवड मात्र काळाने दिली नाही. कृष्णेवर धरण बांधण्याचे ठरले आणि 10 डिसेंबर 1955 रोजी पंडित नेहरूंनी त्याचा पायाभरणी समारंभ केला. कोरडवाहू मुलखाला पाणी मिळणार होते. त्याचे मोल म्हणून सारे खोरे बुडणार होते.

एरवी उत्खनन करणारा संशोधक स्थळाचा काही भाग मुद्दाम न खणता ठेवतो; उद्याच्या अभ्यासकाजवळ अधिक चांगली साधने असतील, असा त्याचा विश्वास असतो. येथे तो उद्याच उरला नव्हता. आर. सुब्रह्मण्यम् यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व खात्याने 1954 पासून 1960 पर्यंत अवघे खोरे पिंजून काढले. अश्मयुगीन माणसाच्या हत्यारांपासून मध्ययुगीन दुर्गापर्यंतचे थर उजेडात आले. तटबंदीचा राजवाडा, नदीकाठचा पायऱ्यांचा विस्तीर्ण घाट, चोहोबाजूंनी दगडी बैठका असलेले प्रेक्षागार, आणि बौद्ध विहारांच्या शेजारीच देवालये, असे एका संपन्न नगरीचे चित्र उभे राहिले.

शिलालेखांनी त्या चित्राला वाणी दिली. राजा चांतमूल वैदिक यज्ञ करणारा. त्याची बहीण चांतिसिरी मात्र महाचैत्याची आश्रयदात्री. बोधिसिरी नावाच्या उपासिकेच्या लेखात सिंहलद्वीपाच्या आचार्यांचा गौरव आहे, आणि त्यांनी धर्माकडे वळविलेल्या देशांच्या यादीत काश्मीर, गांधार, चीन यांच्याबरोबर अपरांताचे, म्हणजे आपल्या कोकणाचेही, नाव आहे. आभीर राजा वसुषेण याच्या तिसाव्या राज्यवर्षातील एक लेखही येथे सापडला. त्याच कुळातील ईश्वरसेनाचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. गोदावरी आणि कृष्णा यांच्या काठचा इतिहास असा परस्परांत गुंतलेला आहे.

पाणी चढण्यापूर्वी नऊ प्रमुख वास्तू दगड-विटांसह हलवून डोंगरमाथ्यावर पुन्हा उभारण्यात आल्या. इतर काहींच्या प्रतिकृती जलाशयाच्या काठी झाल्या. 1966 साली संग्रहालय उघडले. आज तो माथा एक बेट आहे आणि प्रवासी नावेने तेथे जातात.

वास्तू हलविता येते. तिच्याभोवतीची भूमी हलविता येत नाही. घाट आहे, पण ज्या वळणावर तो नदीला भेटत होता ते वळण आता नाही. ही हानी कोणत्याही संग्रहालयाने भरून येणारी नव्हे. तथापि कालव्यांनी भिजलेल्या शेतांतील पीक हेही तितकेच खरे आहे. जिवंतांच्या अन्नासाठी मृतांची नगरी बुडवावी लागली. परंतु बुडविण्यापूर्वी तिची कहाणी शेवटपर्यंत ऐकून घेणे हे कर्तव्य होते, आणि सहा वर्षांच्या धावपळीत जेवढे शक्य होते तेवढे ते पाळले गेले. जेथे जेथे नवे बांध घातले जातील, तेथे तेथे निदान एवढे ऋण मान्य व्हावे.