दहा रुपयांची रेघ

खिदिरपूरहून एस्प्लनेडला जाणारी ३६ नंबरची ट्राम आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. २०२० च्या अम्फान वादळात ती बंद पडली, ती पडलीच. गोदीच्या नोकरीत असताना रविवारी मी तिच्यात बसून मैदानातून मजेत जात असे. उतरले की थोड्याच अंतरावर, ज्याला आपण राजभवन म्हणत आलो ती वास्तू. त्या वास्तूत एका मराठी माणसाने गरिबांच्या शाळेसाठी दोन दिवस झुंज दिली आणि तो हरला, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. इतकी वर्षे नुसताच समोरून जात होतो!

ते होते नामदार गोपाळ कृष्ण गोखले. कलकत्ता तेव्हा राजधानी होती आणि व्हाइसरॉयचे कायदेमंडळ तिथेच भरत असे. १९१० च्या मार्चमध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. पुढे काहीच हालेना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच आणले.

शाळेत ‘गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे बिल’ एवढीच ओळ आपण पाठ केली. खरी गंमत आतल्या कलमांत आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची, पण कुठे? जिथली नगरपालिका किंवा लोकल बोर्ड तयार असेल तिथेच. खर्चाचा एक तृतीयांश वाटा स्थानिक संस्थेने उचलावा, दोन तृतीयांश सरकारने द्यावा. आणि ज्या पालकाचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्या मुलाकडून फी घेऊ नये. म्हणजे सरसकट माफी नव्हे. घरची ऐपत पाहून माफी. मला हे कलम सगळ्यांत मोलाचे वाटते.

ते सुचायला गोखल्यांना पुस्तके चाळावी लागली नसतील. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी धाडले, असे चरित्रकार सांगतात. एक मूल शिकवायला दुसऱ्याची शाळा सुटते, हा हिशेब त्यांच्या घरातलाच होता.

विरोध मात्र चोहोकडून झाला. शिक्षणखात्याचे सदस्य सर हारकोर्ट बटलर यांच्यासह सरकारपक्ष विरोधात गेला. कर वाढेल ही धास्ती होती, आणि शेतात राबणारी पोरे शाळेत गेली तर मजूर कुठून आणायचे, ही कुजबुजही. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ सालीच संस्थानभर सक्तीचे शिक्षण सुरू केले होते, तो दाखलाही उपयोगी पडला नाही. १८ आणि १९ मार्च १९१२ अशी दोन दिवस चर्चा झाली. बॅ. जीना, भूपेंद्रनाथ बसू गोखल्यांच्या बाजूने होते. मते पडली १३ विरुद्ध ३८.

गोखल्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट बोलतो. विधेयकात एक अट होती: त्या भागातली ठरावीक टक्के मुले आधीच शाळेत जात असली पाहिजेत, मगच सक्ती लागू. सरकारला घाबरवू नये म्हणून हा सावधपणा असणार. पण ज्या गावात शाळाच नाही, ते या अटीने मागेच राहिले असते. एक तृतीयांश वाट्याचेही तेच. श्रीमंत पालिका तो सहज देईल, गरीब बोर्डाने कुठून आणायचा? शेतकऱ्याच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. त्यांनी हे कलम वाचले असते तर नक्की हटकले असते. करवीरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे आणि मोफत शिक्षण जाहीर केले, तेव्हा ही आधीच्या टक्क्यांची भानगड ठेवली नाही.

हा पेच जुना झालेला नाही. २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली, तिच्यात शाळेच्या वार्षिक अनुदानाचे टप्पे पटसंख्येवर ठरवले गेले. डोकी मोजली, घरची परिस्थिती नाही. हॉलंडने १९८५ मध्ये वेगळाच हिशेब धरला होता. अल्पशिक्षित स्थलांतरित आईबापांचे मूल तिथे शिक्षकसंख्या ठरवताना १ नव्हे तर १.९ मोजले जाई. स्थलांतरित हा शब्द वाचून मी जरा थांबलो. आपणही येथे बाहेरूनच आलो. पण आपली मुले शिकलेल्या घरांत वाढली, आणि गोदीत माझ्या हाताखाली ओझी वाहणाऱ्यांची तशी नाही.

आता घरचा हिशेब. गेल्या वर्षी आपल्या समितीने जवळच्या दोन शाळांना सारख्याच वह्या दिल्या. फोटोही छान आले. मी वाटपाला हजर होतो. एका शाळेत निम्म्या मुलांच्या दप्तरात कोऱ्या वह्या आधीच होत्या. दुसऱ्या, गोदीलगतच्या शाळेत एक मुलगी भूगोलाच्या वहीत पाठीमागून गणित करत होती. मी तिला दुसरी वही द्यायला गेलो, तर गठ्ठा संपला होता.

विसर्जनानंतरच्या बैठकीत यंदाचे वाटप ठरेल. दोन्ही शाळांना सारखे द्यावे असे म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांचा हेतू चांगलाच आहे. मी मात्र गोदीलगतच्या शाळेला दुप्पट वह्या द्याव्यात असा ठराव लिहून कार्यवाहांकडे दिला आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.