इंद्रायणीचे आजी-आजोबा

विसरवाडीला बदली झाल्यापासून माझ्या दोन गोष्टी वाढल्या : वजन आणि तांदळाविषयीची मतं. नवापूर तालुक्यात पाऊस बरा, म्हणून भात पिकतो; गुजरातची हद्द जवळ, म्हणून वाण्याकडे सुरती कोलमही असतो. शाखेत डबे उघडले की आधी चौकशी तांदळाची. इंद्रायणीची बिर्याणी करणारा आणि बासमतीचा मेतकूट-भात कालवणारा, दोघांनाही कर्ज देऊ नये, असं आमच्या कॅशियरचं मत आहे.

त्यात शास्त्र आहे बरं का! तांदळातल्या स्टार्चमध्ये अमायलोज जास्त असेल तर शितं सुटी, कमी असेल तर एकमेकांच्या गळ्यात गळा. लाओसच्या चिकट तांदळात ते जवळजवळ नसतंच, म्हणून तिथे भाताचा गोळा हातानं मोडून खातात. जपान्यांच्या तांदळात बेताचं, म्हणून तो काड्यांनी उचलता येतो. (मला पोहेसुद्धा चमच्यानं सांडतात, ते सोडा.)

आता इतिहास. 1962 साली फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत भातांचे संकर सुरू झाले. आमच्याकडे चेक क्रॉस केला की पैसे मुकाट्यानं खात्यात जातात. भात क्रॉस केल्यावर काय कुणाच्या खात्यात जाईल, देव जाणे. आठव्या क्रॉसला नशीब उघडलं. इंडोनेशियाचं उंच 'पेटा' आणि तैवानचं बुटकं 'डी-जिओ-वू-जेन' यांचं हे अपत्य 1966 साली 'आयआर 8' नावानं बाहेर पडलं. जुनी उंच भातं खत घातलं की लोंबीच्या भारानं आडवी व्हायची. हे ठेंगू रोप उभं राही. आपल्याकडे तेव्हा लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिलेला, अमेरिकेच्या जहाजांकडे डोळे लागलेले. भात निबर होई, गार झाला की टणक. पण तक्रार कोण करणार? माझे वडील त्या रेशनच्या रांगांतले. तांदूळ कुठला, हे त्यांच्या घरात कुणी विचारत नसे. किती मिळाला, एवढंच विचारत.

इकडे आपला आंबेमोहर म्हणजे घराणं मोठं, उत्पन्न बेताचं. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रानं आंबेमोहर 157 ची आयआर 8 शी सोयरीक जुळवली आणि 1987 साली 'इंद्रायणी' आली. नाव मावळातल्या नदीचं, एका बाजूचे आजी-आजोबा इंडोनेशिया-तैवानचे! वास आणि चिकटपणा तिनं आंबेमोहराचा घेतला, उत्पन्नाची बाजू दुसऱ्या घराण्यानं सांभाळली. असा जावई शोधून सापडत नाही.

परवा कन्येनं मोबाईलवर बघून जपानी सुशीचा घाट घातला. वाण्यानं सुशी जन्मात पाहिली नसावी. "चिकटायला पायजे ना? मग इंद्रायणी न्या," म्हणाला. समुद्रशेवाळ विसरवाडीत कुठून आणणार? पालकाच्या पानात गुंडाळली. पण वळ्या घट्ट बसल्या. दुसऱ्या दिवशी चायनीज फ्राइड राइस ठरला. त्याला मात्र कोलमच हवा, तोही रात्रीचा उरलेला.

"ह्याला आमच्याकडे फोडणीचा भात म्हणतात," बायको म्हणाली आणि तिनं हळदीचा डबा उघडला.